मर्जी सांभाळणाऱ्यांचे राज्य

१९०६ च्या एप्रिलमध्ये जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म याने ऑस्ट्रिया-हंगेरीचा परराष्ट्रमंत्री गोलुखोव्स्की याला आभाराची तार केली. मोरोक्कोच्या प्रश्नावर स्पेनमधल्या अल्हेसिरास गावी भरलेली परिषद नुकतीच आटोपली होती. ती भरवण्याचा हट्ट जर्मनीचा होता आणि तिथे एकटा पडला तोही जर्मनीच. ब्रिटन आणि रशिया फ्रान्सच्या पाठीशी उभे राहिले. १८८२ पासून जर्मनीशी कराराने बांधलेला इटलीसुद्धा फ्रान्सकडे झुकला. मोठ्या राष्ट्रांपैकी साथ दिली ती फक्त ऑस्ट्रियाने. त्याबद्दल विल्हेल्मने लिहिले, की द्वंद्वाच्या मैदानावर तुम्ही माझे फार उत्तम साहाय्यक ठरलात. अशीच वेळ तुमच्यावर आली तर मीही तुमच्यासाठी उभा राहीन. तार जगजाहीर झाली. शतकानुशतके राज्य केलेल्या हॅब्सबर्ग घराण्याला या माणसाने स्वतःच्या भांडणातला हाताखालचा गडी करून टाकले, अशी भावना व्हिएन्नात झाली. रोमला आपला झालेला अनुल्लेख झोंबला. उरलेला एकुलता एक मित्र दुखावला गेला, तोही शिव्या देऊन नव्हे तर कौतुक करून.

लहरी सत्ताधीशाबद्दल बोलताना आपली सगळी चर्चा त्याच्या मनाभोवती फिरते. हा माणूस वेडा आहे की धूर्त? हे नाटक आहे की खरा संताप? मला हा प्रश्न फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्याच्या मनात काय चालले आहे हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते. पाहायचे असेल तर त्याच्या आसपासच्या शहाण्या, शिकलेल्या, अनुभवी माणसांकडे पाहावे. दरबारात टिकून राहण्यासाठी ती काय काय शिकतात, हे पाहावे. माझे म्हणणे असे की लहरी माणसाचा राज्याला बसणारा सगळ्यात मोठा फटका त्याच्या एखाद्या चुकीच्या निर्णयाचा नसतो. त्याच्याभोवतीचे शहाणपण धोरण आखण्याऐवजी मर्जी सांभाळण्यात, बोललेले सावरण्यात, हुकूम पातळ करण्यात खर्ची पडते. ही सवय इतकी मुरते, की एखाद्या दिवशी तो खरोखर शहाण्यासारखे बोलला तर तेही याच हातांतून पातळ होऊनच बाहेर पडते. विल्हेल्मची तीस वर्षांची कारकीर्द याचा जितका स्वच्छ पुरावा देते तितका क्वचितच दुसरी कुठली देत असेल.

या माणसाला न्याय द्यायला हवा. २७ जानेवारी १८५९ ला अतिशय अवघड बाळंतपणातून तो जन्मला आणि डावा हात कायमचा अधू राहिला. तो हात बरा करण्यासाठी लहानपणी त्याच्यावर जे उपचार झाले ते आज वाचतानाही अंगावर काटा येतो. आई इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी. इंग्लंडबद्दलचे त्याचे प्रेम आणि मत्सर एकाच घरातून आलेले होते. त्याची बुद्धी तल्लख होती, स्मरणशक्ती दांडगी, आणि मनात आणले तर समोरच्याला जिंकून घेण्याची हातोटीही होती. जानेवारी १९०१ मध्ये आजी मरणासन्न असल्याचे कळताच तो सगळी कामे टाकून इंग्लंडला गेला आणि अखेरच्या घटकांत तिला आपल्या धडधाकट हाताचा आधार देऊन बसला. इंग्रज जनतेने तेव्हा त्याच्यावर मनापासून माया केली. ती टिकवणे अवघड नव्हते. पण एका विषयावर, एका भूमिकेवर, एका माणसावरही तो फार काळ स्थिर राहू शकत नसे. वर्षातला मोठा काळ प्रवासात जाई. राजदूतांच्या खलित्यांच्या समासात तो उद्गारचिन्हांसह शेरे मारी, आणि तो शेरा म्हणजे क्षणिक राग की सरकारी आज्ञा, हे खालच्या अधिकाऱ्यांनी ओळखायचे.

स्वभाव असा अनेकांचा असतो. तो राज्याचे धोरण कसा होतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर १८७१ च्या जर्मन राज्यघटनेत आहे. ती बिस्मार्कने घडवली. चान्सेलरची नेमणूक सम्राट करणार, त्याला काढणारही सम्राटच. राइशस्टाग, म्हणजे जर्मन संसद, अंदाजपत्रक अडवू शकत होती, भाषणे करू शकत होती, पण चान्सेलरला घरी पाठवू शकत नव्हती. युद्ध आणि परराष्ट्र व्यवहार सम्राटाच्या हाती. वृद्ध पहिल्या विल्हेल्मला मुठीत ठेवणाऱ्या बिस्मार्कने ही रचना स्वतःच्या मापाने बेतली होती. गादीवर बसणारा वेगळा निघाला तर काय, याचा विचार त्याने केला नाही. १५ जून १८८८ ला एकोणतीस वर्षांचा नातू गादीवर आला आणि मार्च १८९० मध्ये त्याने बिस्मार्कला घरी बसवले. जे कुलूप बिस्मार्कने इतरांसाठी घडवले होते, त्याची किल्ली आता त्या तरुणाच्या खिशात होती.

पहिला तडा लगेच गेला. रशियाशी १८८७ मध्ये झालेला गुप्त ‘पुनर्विमा करार’ त्याच वर्षी संपत होता. विल्हेल्मने रशियन राजदूत शुवालोव्हला करार पुढे चालू राहील असा शब्द दिला. थोड्याच दिवसांत होल्श्टाइनसारख्या परराष्ट्र खात्यातल्या मंडळींनी आणि नव्या चान्सेलर कॅप्रिव्हीने त्याचे मन फिरवले आणि शब्द मागे गेला. करार मोडण्यामागे काही सयुक्तिक कारणेही होती. ऑस्ट्रियाशी असलेल्या बांधिलकीत तो बसत नव्हता, असे अधिकाऱ्यांना वाटे. पण सेंट पीटर्सबर्गला कारण कळले नाही, कळले ते एवढेच की बर्लिनमध्ये सम्राटाने दिलेला शब्द आठवडाभरही टिकत नाही. १८९४ उजाडेपर्यंत रशिया आणि फ्रान्सची लष्करी युती पक्की झाली होती.

सल्लागारांचे एक वेगळेच कौशल्य ३ जानेवारी १८९६ ला दिसले. दक्षिण आफ्रिकेत बोअरांच्या ट्रान्सवालवर ब्रिटिश अधिकारी जेमसनने घातलेला धाडीचा डाव फसला होता. विल्हेल्म पेटून उठला. ट्रान्सवाल जर्मनीच्या संरक्षणाखाली घ्यावे, सैन्य पाठवावे, अशा कल्पना तो बैठकीत मांडू लागला. याचा अर्थ इंग्लंडशी युद्ध, हे चान्सेलर होहेनलोहेला उमगत होते. मग परराष्ट्रमंत्री मार्शाल फॉन बीबरश्टाइन याने तोडगा काढला: सैन्याऐवजी अध्यक्ष क्रुगरला अभिनंदनाची तार करू. मित्रराष्ट्रांची मदत न मागता तुम्ही हल्लेखोरांना परतवलेत, असा तिचा आशय. बैठकीतून बाहेर पडताना त्या मंत्र्यांना नक्कीच वाटले असणार, की आपण मोठे संकट टाळले. इंग्लंडमध्ये त्या तारेने जो भडका उडाला तो वर्षानुवर्षे विझला नाही.

या प्रसंगापाशी मी नेहमी थांबतो. मार्शाल मूर्ख नव्हता. त्याने नव्वद टक्के वेडेपणा काढून टाकला आणि उरलेल्या दहा टक्क्यांवर सरकारी शिक्का मारला. लहरी माणसासमोर बसलेल्या प्रत्येक सल्लागाराची मोजपट्टी अशीच सरकते. ‘हे योग्य आहे का’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘त्याने आधी सुचवलेल्यापेक्षा हे बरे आहे ना’ हा पुढे येतो. दारामागे काय टळले ते बाहेरच्या जगाला दिसत नाही. त्याच्यासमोर येते ती फक्त तार.

बर्नहार्ड फॉन ब्यूलोने तर या कौशल्याचे शास्त्रच केले. कैसरचा जिवलग मित्र ऑयलेनबुर्ग याच्या वशिल्याने तो वर चढला, १८९७ मध्ये परराष्ट्र खाते आणि १९०० मध्ये चान्सेलरपद त्याच्याकडे आले. मी सम्राटाच्या इच्छेचे हत्यार होईन, असे त्याने आधीच कळवून ठेवले होते. त्याची पद्धत ठरलेली असे. प्रथम सम्राटाच्या म्हणण्याला मान डोलवायची, त्याची दूरदृष्टी वाखाणायची, मग आपले मत असे पेरायचे की ते सम्राटालाच सुचले असे वाटावे. तो विनोदी होता, वाचलेला होता, आणि आपण सिंहाला नकळत चालवतो आहोत याचा त्याला अभिमान होता. पण स्तुतीची मात्रा रोज वाढवावी लागते. रोज अचूक ठरवला जाणारा माणूस पुढच्या वेळी अधिक बेफाम बोलतो. २७ जुलै १९०० ला ब्रेमरहाफेन बंदरात चीनकडे निघालेल्या सैनिकांना विल्हेल्मने सांगितले, की कैदी करू नका, हूणांनी हजार वर्षांपूर्वी जसे नाव गाजवले तसे तुम्ही गाजवा. ब्यूलोने वर्तमानपत्रांना सौम्य केलेला मसुदा देण्याची धडपड केली. तरीही पूर्ण भाषण छापले गेले. चौदा वर्षांनी ब्रिटिश प्रचारकांना जर्मनांसाठी शिवी शोधावी लागली नाही. ती कैसरनेच देऊन ठेवली होती.

देशात हे कुणाला दिसत नव्हते असे नाही. १८९४ मध्ये इतिहासकार लुडविग क्विडे याने कॅलिगुला या रोमन सम्राटावर एक छोटी पुस्तिका काढली. तीत विल्हेल्मचे नाव कुठेही नव्हते. हजारो वाचकांनी ती कोणाबद्दल आहे हे न सांगता ओळखले. क्विडेची विद्यापीठीय कारकीर्द तिथेच संपल्यासारखी झाली आणि पुढे सम्राटाच्या अवमानाबद्दल त्याला तुरुंगही भोगावा लागला. १९२७ मध्ये त्याला शांततेचे नोबेल मिळाले. ज्या राज्यात खरे बोलण्यासाठी दोन हजार वर्षांपूर्वीचा मुडदा उकरावा लागतो, तिथे चान्सेलरच्या कचेरीत खरे बोलले जात असेल अशी अपेक्षा कशी करायची?

जुलै १९०५ मध्ये फिनलंडच्या किनाऱ्यावर ब्यर्को येथे विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस आपापल्या नौकांसह भेटले. दोघे नात्यातले, एकमेकांना इंग्रजीत ‘विली’ आणि ‘निकी’ म्हणून पत्रे लिहिणारे. जपानकडून मार खाऊन निकोलस खचला होता. विल्हेल्मने खिशातून मसुदा काढला आणि संरक्षणाच्या करारावर त्याची सही घेतली. दोन माणसांच्या स्नेहाने युरोपचा नकाशा बदलला, असे त्याला मनापासून वाटले. पण मसुद्यात त्याने स्वतः ‘युरोपात’ एवढी मर्यादा घातली होती, म्हणजे भारताच्या सरहद्दीवर इंग्रजांना रशियाची भीती घालण्याचा उपयोग संपला. ब्यूलोने राजीनाम्याची धमकी दिली. त्यावर विल्हेल्मने लिहिलेले पत्र वाचवत नाही: तुम्ही गेलात तर मी जगणार नाही, माझ्या बायकामुलांचा विचार करा. इकडे रशियन मंत्री लाम्सडॉर्फ आणि विट्टे यांनी झारला समजावले, की फ्रान्सशी आपला करार असताना हे कागद चालणार नाहीत. ब्यर्कोचा करार निघाला तसा विरला. व्यक्तिगत मैत्री म्हणजे राष्ट्रांची मैत्री, हा भ्रम मात्र विरला नाही.

मग आला २८ ऑक्टोबर १९०८. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने कैसरशी झालेल्या संभाषणांवर बेतलेली मुलाखत छापली. आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये कर्नल स्ट्युअर्ट-वॉर्टली याच्याकडे पाहुणा असताना तो जे बोलला, त्यातून ती तयार झाली होती. हेतू चांगला होता: इंग्रजांचा गैरसमज दूर करावा. तुम्ही इंग्रज वेडे झाला आहात, माझ्यावर संशय घेता, असे तो म्हणाला. जर्मनीतल्या बहुसंख्यांच्या मनात इंग्लंडबद्दल प्रेम नाही, मी मात्र तुमचा मित्र आहे, असेही म्हणाला. बोअर युद्धात फ्रान्स आणि रशिया तुमच्याविरुद्ध एकत्र येऊ पाहत होते, मी नकार दिला आणि त्यांचा बेत आजीला कळवला. युद्ध कसे जिंकावे याची योजनाही मी तिला पाठवली होती. आणि आमचे आरमार? ते तुमच्यासाठी नाही, पूर्वेकडच्या संकटासाठी आहे. एका मुलाखतीत इंग्रजांचा अपमान झाला, फ्रान्स आणि रशियाचा विश्वासघात उघडा पडला, जपान सावध झाला आणि ज्या जर्मनांनी बोअरांसाठी अश्रू ढाळले होते त्यांना कळले, की आपला सम्राट त्यांच्या पाडावाचे नकाशे काढत होता.

या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग मुलाखतीत नाही, तिच्या प्रवासात आहे. विल्हेल्मने या वेळी नियम पाळला होता. छापण्याआधी मसुदा चान्सेलरकडे पाठवला होता. ब्यूलो तेव्हा नॉर्डरनाय बेटावर सुट्टीला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने तो न वाचताच परराष्ट्र खात्याकडे धाडला. खात्यातल्या अधिकाऱ्यांनी तपशिलाच्या किरकोळ दुरुस्त्या केल्या आणि परत पाठवला. हे छापूच नये, असे म्हणण्याची जबाबदारी आपली आहे असे कुणालाच वाटले नाही. वरच्याला वाटले खालचे पाहतील, खालच्यांना वाटले वरून आले म्हणजे मर्जी आहे. ब्यूलोने तो खरोखर वाचला नव्हता का, यावर इतिहासकारांना शंका आहे. मला दोन्ही शक्यता सारख्याच भयंकर वाटतात. ज्या माणसाने अकरा वर्षे सम्राटाचे प्रत्येक वाक्य सावरण्यात घालवली, तो एके दिवशी थकला, किंवा एके दिवशी त्याने ते सावरायचे नाही असे ठरवले. ज्या राज्याची सुरक्षितता एका माणसाच्या अशा रोजच्या दक्षतेवर टांगलेली असते, त्या राज्याला दुसऱ्या कुठल्या शत्रूची गरज नसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ख्रिस्तोफर क्लार्कसारखे इतिहासकार सांगतात, की विल्हेल्म बोलायचा फार पण त्याच्या हाती प्रत्यक्ष धोरण तितके नव्हते. जॉन रोल यांचे तीन खंडी चरित्र याच्या नेमके उलट सांगते. ब्रिटनशी वैर ज्या आरमारी स्पर्धेने वाढवले, ती तर लहर नव्हतीच. नौदलमंत्री टिर्पिट्झची १८९८ आणि १९०० ची नौदल विधेयके थंड डोक्याने आखलेली आणि संसदेने रीतसर संमत केलेली होती. हे मान्य. लहर नसती तरी जर्मनी आणि ब्रिटन यांच्यात तणाव आला असता. पण तणाव असलेल्या देशांनाही एकमेकांचे बोलणे समजावे लागते. लंडनमधल्या मुत्सद्द्यांना जर्मनीची ताकद मोजता येत होती, तिचा इरादा मोजता येत नव्हता; आणि इरादा कळत नसेल तर शहाणा माणूस वाईटात वाईट गृहीत धरतो. १९०४ मध्ये ब्रिटनने फ्रान्सशी, ऑगस्ट १९०७ मध्ये रशियाशी जुळवून घेतले. फ्रान्स आणि रशिया हे तर ब्रिटनचे शंभर वर्षांचे प्रतिस्पर्धी. त्यांच्याशी तडजोड करणे लंडनला जर्मनीशी बोलत बसण्यापेक्षा सोपे वाटले.

जुलै १९१४ मध्ये या सगळ्याची वसुली झाली. ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याच्या खुनानंतर ५ जुलैला पॉट्सडॅममध्ये विल्हेल्मने ऑस्ट्रियाच्या राजदूताला पूर्ण पाठिंब्याचे वचन दिले. इतिहासात तो ‘कोरा धनादेश’ म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे उत्तर समुद्राच्या सफरीवर निघाला. निघण्यापूर्वी उद्योगपती क्रुप याला तो वारंवार सांगत राहिला, की या वेळी मी माघार घेणार नाही. हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. आधी गर्जना आणि मग कच खाणे, ही त्याची कीर्ती त्याच्या सेनापतींत पसरली होती आणि त्याच्या कानांवरही आली होती. आपण डळमळीत नाही हे सिद्ध करण्याची गरज स्वतः त्यालाच भासत होती. लहरी माणसाला कधी ना कधी आपल्या लौकिकाशीही लढावे लागते, आणि त्या लढाईत तो हमखास अति करतो.

सफरीवरून तो परतला २७ जुलैला. चान्सेलर बेथमान होल्वेगला तो लवकर परत यायला नकोच होता. खुनाबद्दल ऑस्ट्रियाने पाठवलेल्या निर्वाणीच्या खलित्याला सर्बियाने २५ तारखेलाच उत्तर दिले होते. ते कैसरच्या हाती २८ जुलैच्या सकाळी पडले. वाचून त्याने लिहिले, की अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीत हे मोठेच यश आहे. व्हिएन्नाचा नैतिक विजय झाला. आता युद्धाचे कारणच उरत नाही. ऑस्ट्रियाने फार तर बेलग्रेड तारण म्हणून ताब्यात घ्यावे, तिथे थांबावे आणि बोलणी करावीत, अशी सूचना त्याने परराष्ट्र सचिव यागोला धाडली. तीस वर्षांतले त्याचे हे बहुधा सर्वांत शहाणे पत्र.

त्याचे काय झाले? बेथमानने व्हिएन्नाला तार केली ती रात्री. तीत युद्धाचे कारण उरले नाही हा कैसरचा निष्कर्ष नव्हता. उलट, जर्मनी ऑस्ट्रियाला मागे खेचते आहे असे भासू देऊ नका, अशी राजदूताला सूचना होती. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आहे. इथला बदल दस्तऐवजात नोंदलेला आहे, आणि तो करणारा एक सुशिक्षित, सभ्य, तत्त्वचिंतक वृत्तीचा चान्सेलर होता. तोपर्यंत ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलेही होते, त्यामुळे ही तार वेळेत आणि जशीच्या तशी गेली असती तर युद्ध नक्की टळले असते, असा दावा मी करणार नाही. पण तिला संधी मिळाली नाही, हे निश्चित. कैसरच्या लहरी परतवायच्या, लांबवायच्या, सौम्य करायच्या याची बर्लिनच्या यंत्रणेला इतकी सवय जडली होती, की शांततेची लहरही तिने त्याच सवयीने परतवली. आज एक म्हणतो, उद्या दुसरे म्हणेल, असे प्रत्येकाला वाटले असणार. तसे वाटण्याची सोय त्यानेच करून ठेवली होती.

मित्रराष्ट्राची अवस्था पाहा. २९ जुलैच्या रात्रीपासून ब्रिटनच्या इशाऱ्याने हादरलेला बेथमान व्हिएन्नाला ‘थांबा’ असे कळवू लागला. त्याच सुमारास सरसेनापती मोल्टके ‘रशियाविरुद्ध ताबडतोब सैन्य जमवा’ असे कळवत होता. बर्लिनमध्ये राज्य कोण करते, मोल्टके की बेथमान, असे ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री बेर्ख्टोल्ड विचारू लागला, असे त्याच्या सेनापतीने आठवणींत नोंदवले आहे. आठ वर्षांपूर्वी ज्या मित्राला द्वंद्वातला साहाय्यक म्हटले, त्याला निर्वाणीच्या घटकेला हेच कळेना, की कुणाचा शब्द जर्मनीचा मानायचा. १ ऑगस्टला ब्रिटन कदाचित तटस्थ राहील अशी बातमी आली आणि विल्हेल्मने मोल्टकेला सांगितले, की आता सगळे सैन्य पूर्वेकडे वळवा. मोल्टके कोसळलाच. वर्षानुवर्षे आखलेली रेल्वेची वेळापत्रके एका सायंकाळी फिरवता येत नाहीत. सेनेने आपली योजना इतकी बंदिस्त करून ठेवली होती, की तिला कुणीच थांबवू शकत नव्हते.

या कथेशी महाराष्ट्राचा संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. १८९८ मध्ये दमास्कसमध्ये विल्हेल्मने जगातल्या तीस कोटी मुसलमानांचा मी कायमचा मित्र, अशी घोषणा केली होती. ३० जुलै १९१४ च्या एका खलित्यावर त्याने शेरा मारला, की आपण रक्तबंबाळ होणार असू तर इंग्लंडने निदान हिंदुस्थान तरी गमावावा. ऑस्मानी साम्राज्य जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले आणि मेसोपोटेमियाची आघाडी उघडली. तिथे इंग्रजांनी पाठवली ती सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे त्या वेढल्या गेल्या. वेढा घालणाऱ्या तुर्की सैन्याचे नेतृत्व जर्मन फील्डमार्शल फॉन डेर गोल्ट्झ याच्याकडे होते. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार उपाशी सैनिकांनी शरणागती पत्करली. त्यांतले बहुसंख्य हिंदी होते आणि हजारो पुढे कैदेत मेले. पॉट्सडॅमच्या एका जेवणाच्या टेबलावर दिलेले वचन कुठवर पोचते, याचा हिशेब आपल्या गावांच्या घरांतही आहे.

आजच्या काळात या मुद्द्याला एक आधुनिक उत्तर दिले जाते: बेभरवशाचे असणे हीच ताकद आहे, समोरच्याला घाबरवते. रिचर्ड निक्सनचा यावर विश्वास होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये सोव्हिएत रशियाने उत्तर व्हिएतनामवर दबाव आणावा म्हणून त्याने अमेरिकेची अण्वस्त्रे वाहणारी विमाने गुपचूप सज्ज ठेवली. मॉस्को बधले नाही आणि युद्ध आणखी तीन वर्षांहून अधिक चालले. डोनाल्ड ट्रम्प यांचे समर्थक अधिक भक्कम पुरावा दाखवतात. त्यांच्या दडपणाखाली जून २०२५ मध्ये नाटो देशांनी २०३५ पर्यंत देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के संरक्षण आणि त्याच्याशी संबंधित बाबींवर खर्च करण्याचे मान्य केले. हे खरे आहे, आणि याचे श्रेय दबावाला द्यायला हवे. पण त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला व्हाइट हाउसमध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्याशी कॅमेऱ्यासमोर जी खडाजंगी झाली ती युरोपने पाहिली आणि शस्त्रसज्जतेची मोठी योजना मार्चमध्ये आखली. युरोप आता शस्त्रे जमवतो आहे ती अमेरिकेशिवाय उभे राहावे लागेल या हिशेबाने. भीतीने मिळवलेले सहकार्य असेच असते. ते देणारा दुसरीकडे वाट शोधत असतो.

आपल्याला हे जवळून कळले. ह्यूस्टन आणि अहमदाबादच्या सभांत ट्रम्प यांच्याशी हात उंचावून जाहीर झालेल्या मैत्रीनंतर २७ ऑगस्ट २०२५ पासून बऱ्याच भारतीय मालावरचा अमेरिकी आयात कर ५० टक्क्यांवर गेला. अंधेरीच्या सीप्झ निर्यात क्षेत्रातल्या दागिन्यांच्या कारखान्यांचा बराच माल तेव्हा अमेरिकेलाच जात होता. दोन नेत्यांच्या गळाभेटीचा तिथे काही उपयोग झाला नाही. ब्यर्कोचा धडा तोच होता. ज्या राष्ट्राचा नेता मर्जीने चालतो, त्याच्याशी व्यक्तिगत सलगी वाढवणे हे परराष्ट्र धोरण होऊ शकत नाही. आपल्या राज्यकर्त्यांनी आणि माध्यमांनीही ते समजून घ्यायला हवे, कारण सलगीच्या छायाचित्रांवर आपणही भाळलो होतो.

अमेरिका म्हणजे कैसरची जर्मनी नव्हे. तिथे निवडणुका होतात, न्यायालये सरकारचे हुकूम अडवतात, आणि सल्लागाराला जाहीरपणे जाता येते. डिसेंबर २०१८ मध्ये सीरियातून सैन्य काढण्याची घोषणा अचानक झाली तेव्हा संरक्षणमंत्री जिम मॅटिस यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला, आणि मित्रराष्ट्रांना मानाने वागवण्याबद्दल माझे मत तुमच्याशी जुळत नाही, हे पत्रात नोंदवले. ब्यूलोपेक्षा मॅटिस यांचा मार्ग मला कितीतरी प्रामाणिक वाटतो. तरी त्यालाही मर्यादा आहे. नकार देणारे एकेक करून गेले की खोलीत उरतात ते होकार देणारे. म्हणून केवळ सल्लागारांच्या चारित्र्यावर भिस्त ठेवता येत नाही. नकाराला खुर्ची असावी लागते, आणि ती खुर्ची सत्ताधीशाच्या मर्जीने रिकामी होता कामा नये.

जर्मनीला ती खुर्ची मिळवण्याची संधी एकदा आली होती. १० आणि ११ नोव्हेंबर १९०८ ला राइशस्टागमध्ये ‘डेली टेलिग्राफ’च्या त्या मुलाखतीवर चर्चा झाली आणि उजव्यांपासून डाव्यांपर्यंत सगळ्या पक्षांनी कैसरला धारेवर धरले. असे आधी कधी घडले नव्हते. ब्यूलोने त्याचा बचाव अर्ध्या मनाने केला. विल्हेल्म मात्र डोनाउएशिंगेनला मित्राकडे शिकारीला गेला होता. तिथे त्याच्या करमणुकीसाठी नर्तकीच्या वेशात नाचताना त्याच्या लष्करी कार्यालयाचा प्रमुख सेनाधिकारी हृदय बंद पडून मेला. नोव्हेंबर संपता संपता सम्राट निराशेने अंथरुणाला खिळला होता. त्या क्षणी त्याच्या हातून काहीही मान्य करवून घेता आले असते. समाजवादी आणि डावे उदारमतवादी म्हणत होते, की चान्सेलरला संसदेला जबाबदार करा, घटना बदला. मोठ्या पक्षांना ते धाडस झाले नाही. सम्राटाने यापुढे जपून वागावे, एवढ्या आश्वासनावर त्यांनी समाधान मानले. आठ महिन्यांनी ब्यूलो गेला आणि सगळे पूर्ववत झाले.

चान्सेलरला संसदेचा विश्वास आवश्यक करणारी घटनादुरुस्ती जर्मनीत अखेर झाली. ती अमलात आली २८ ऑक्टोबर १९१८ ला, मुलाखत छापली गेली त्याला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी. तोवर सुमारे वीस लाख जर्मन सैनिक मेले होते, आणि बाराच दिवसांनी कैसरच्या पदत्यागाची घोषणा त्याच्या शेवटच्या चान्सेलरने त्याला न विचारता करून टाकली.